ऑक्सिमीटर 98 दाखवत होता

मी कॅज्युअल्टीत होते तेव्हाची गोष्ट. सकाळी एका शाळकरी मुलीला उचलून आणलं. अंघोळीला गेली ती बाहेरच आली नाही, म्हणून घरच्यांनी दार तोडलं होतं. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. 98! उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं मी धरून चालले. डॉक्टरांनी विचारलं, "गिझर गॅसचा आहे का?" मग धावपळ करून ऑक्सिजनचा मास्क लावला. मुलगी वाचली. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. त्या दिवसापासून मी त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

तिची आई म्हणत होती, "गॅसचा अलार्म आहे आमच्याकडे, तो वाजलाच नाही." तो वाजणारच नव्हता. तो सिलिंडरच्या गळतीचा होता. एलपीजी जड, खाली साचतो, त्याला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो हवेत सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म वेगळा. खोक्यावर 'कार्बन मोनॉक्साइड' आणि 'ईएन 50291' हे मानक छापलेलं पाहा. मुदतीची तारीखही बघा, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सर जिवंत आहे, असं नव्हे.

हा अलार्म बाथरूममध्ये लावू नका, वाफेनं बिघडतो. बाहेर, दाराजवळच्या खोलीत लावा. पण खरं काम गिझर बाथरूमबाहेर काढण्याचं आहे. भाड्याचं घर असेल तर मालकाला चारजण मिळून सांगा. एकट्या बाईचं कोण ऐकतो?

धुराचा अलार्म घेताना 'फोटोइलेक्ट्रिक' मागा. गादी, वायर धुमसत असेल तर तो लवकर ओळखतो. छताला मध्यावर लावा, पण स्वयंपाकघरात नको. फोडणीला रोज वाजतो, मग वैतागून लोक सेल काढून ठेवतात.

आता जोडणी. एक वाजला की सगळे वाजतात, असे बिनतारी अलार्म मिळतात. स्कॉटलंडमध्ये 2022 पासून घरोघरी असे जोडलेले अलार्म कायद्यानं लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत त्यावर पैसे घालू नका. पण खाली गिझर, वर माळ्यावर म्हातारी सासू झोपलेली, असं घर असेल तर जोडलेलेच घ्या. सगळे एकाच कंपनीचे असू द्या, आणि घरी आल्यावर एक खाली दाबून वरचा वाजतो का, हे माळ्यावर झोपणाऱ्यालाच विचारा.

अलार्म वाजला तर गॅस बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. घरात दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखतंय, मळमळतंय, तर अलार्म नसला तरी हेच करा. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, "गिझर चालू होता." ऑक्सिमीटर काहीही दाखवो, सांगाच.