भागभांडवलाची परतफेड : एक विवेचन

वाशीम जिल्ह्यातील शेतकरी गावच्या सेवा सहकारी संस्थेकडून पीककर्ज घेतो, तेव्हा त्यास कर्जाच्या प्रमाणात संस्थेचे भाग घ्यावे लागतात. पुढे कर्ज फिटते, सभासद वृद्ध होतो किंवा निवर्ततो. आणि ही रक्कम परत मिळावी अशी अपेक्षा साहजिकच उत्पन्न होते. परंतु भाग म्हणजे ठेव नव्हे. ठेवीदार हा संस्थेचा धनको असतो, तर भागभांडवल हा धनकोंचा आधार होय. ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८७ मध्ये कंपनीस स्वतःचे भाग विकत घेण्यास मनाई केली, ती याच तत्त्वावर. तथापि कंपनीचे भाग बाजारात विकता येतात. सहकारी संस्थेच्या भागांस तसा बाजार नाही. म्हणून येथे कायद्याने मध्यम मार्ग स्वीकारला आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम २९ अन्वये राजीनामा, निष्कासन, अपात्रता अथवा मृत्यू यांमुळे सभासदत्व संपल्यास संस्था त्याचे भाग मोबदला देऊन स्वतःकडे घेऊ शकते. मात्र अशी एका आर्थिक वर्षातील एकूण रक्कम मागील वर्षअखेरच्या वसूल भागभांडवलाच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. समजा, एखाद्या संस्थेचे वसूल भांडवल ५ लाख रुपये आहे. तर वर्षभरात ५० हजारच परत करता येतील. मागण्या ८० हजारांच्या आल्यास ३० हजारांना थांबणे प्राप्त आहे. मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत भागाचे मूल्य शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून ठरते आणि ते प्रत्यक्ष भरलेल्या रकमेहून अधिक होऊ शकत नाही. संस्था तोट्यात असल्यास ते कमीही भरेल. संस्थेचे येणे त्यातून वळते करून घेता येते. शिवाय सभासदत्व संपतेवेळी असलेल्या संस्थेच्या कर्जांविषयीची जबाबदारी कलम ३३ प्रमाणे आणखी २ वर्षे राहते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांतही हाच प्रश्न उपस्थित होतो. तेथे सभासद प्राथमिक उत्पादक राहिला नाही, तर संचालक मंडळ त्यास भाग दर्शनी किंवा मंडळाने ठरविलेल्या मूल्याने कंपनीकडे परत करावयास सांगते.

१० टक्क्यांची मर्यादा मागे राहणाऱ्या सभासदांचे रक्षण करते, हे खरे. परंतु मागण्या अधिक असताना आधी कोणास द्यावे, याचा क्रम त्या पोटकलमात नाही. अशा वेळी वजनदार सभासदाची रक्कम आधी निघावी आणि मृत सभासदाच्या विधवेने वर्षानुवर्षे खेटे घालावेत, असे घडण्यास वाव राहतो. अर्ज आल्याच्या क्रमाने नोंदवही ठेवून ती सर्वसाधारण सभेपुढे मांडल्यास हा दोष पुष्कळ अंशी दूर होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.