कळते, पण वळत का नाही?

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकली आहे. तिच्या जोडीला आणखी एक बोल नेहमी कानावर येतो, तो म्हणजे ‘कळते, पण वळत नाही’. पहिल्या म्हणीने विषयच संपतो. माणूस बदलणार नाही असा निकाल ती देऊन टाकते. दुसऱ्या बोलात मात्र एक प्रश्न शिल्लक राहतो. कळते, तर मग वळत का नाही? समजदार, कष्टाळू माणूस मनापासून बदलू इच्छितो आणि तरीही वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, याचे कारण काय? नोकरी करणाऱ्या सभासद बंधुभगिनींना आणि उद्या नोकरीत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थी मित्रांना हा प्रश्न कधी ना कधी भेटणारच आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कार्यालयातील बदल

बँकेचेच उदाहरण घेऊ, कारण ते क्षेत्र आमच्या रोजच्या परिचयाचे आहे. बँकांत यंत्रे आणण्याबाबत १९८३ साली व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाची रूपरेषा मांडली. १९९३ साली संगणकीकरणाचा आणखी एक करार झाला, आणि २००० नंतरच्या दशकात सरकारी बँकांच्या शाखा ‘कोअर बँकिंग’ने एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या. ग्राहक एका शाखेचा न राहता संपूर्ण बँकेचा झाला. जाड लेजर, हाताने केलेली व्याजाची आकारणी, दिवसअखेर टॅली जुळेपर्यंतचे थांबणे हे सारे मागे पडले.

या बदलात ज्यांचे अक्षर वळणदार, ज्यांची बेरीज तोंडी, आणि शेकडो खातेदारांच्या सह्या ज्यांना नजरेने ओळखता येत, अशा कर्मचाऱ्यांचे आयुष्यभराचे कसब पाहता पाहता बिनकामाचे ठरले. प्रशिक्षण झाले, पुस्तिका वाटल्या गेल्या. तरीही एकाच वर्गात बसलेल्या, सारख्याच शिकलेल्या दोघांपैकी एक पुढे गेला आणि दुसरा अडला. अडलेल्याला आपण चटकन ‘आळशी’, ‘जुन्या वळणाचा’ अशी नावे ठेवतो. नावे ठेवणे सोपे असते. त्याने उलगडा मात्र होत नाही.

नुसती माहिती पुरत नाही याचा पुरावा आरोग्याच्या क्षेत्रातही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकाळच्या आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार पाळतात. औषध न घेतल्याने काय होईल हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले असते. कळलेले असते, पण वळलेले नसते.

प्रौढ माणसाची वाढ थांबते का?

लहान मुलांच्या विचारशक्तीचा विकास स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी बारकाईने अभ्यासला. पसरट पेल्यातील पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल ‘आता पाणी जास्त झाले’ असे म्हणते. आणखी काही वर्षांनी तेच मूल ‘पाणी तेवढेच आहे’ असे सांगते. मधल्या काळात त्याच्या माहितीत भर पडतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची पाहण्याची रीतच बदलते.

हा विकास वयात आल्यावर थांबतो, असा समज बराच काळ रूढ होता. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडून त्या म्हातारपणापर्यंत नेल्या. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करणारे रॉबर्ट केगन यांनी १९८२ च्या ‘द इव्हॉल्व्हिंग सेल्फ’ आणि १९९४ च्या ‘इन ओव्हर अवर हेड्स’ या ग्रंथांतून प्रौढांच्या मनाची वाढ कशी होत राहते याची मांडणी केली.

केगन यांचे म्हणणे एका साध्या दृष्टांताने समजते. चष्मा डोळ्यांवर असतो तोवर आपण त्यातून जग पाहतो, चष्मा आपल्याला दिसत नाही. तो काढून हातात घेतला की काचेवरचा डागही दिसतो. मनाच्या काही समजुती अशाच डोळ्यांवर चढलेल्या असतात. त्या आपल्याला चालवतात. ज्या दिवशी त्या हातात घेऊन पाहता येतात, त्या दिवशी आपण त्यांना चालवू लागतो. प्रौढपणी वाढणे म्हणजे हेच होय.

या वाढीत केगन तीन ठळक टप्पे सांगतात. पहिल्या टप्प्यात माणूस आपली किंमत भोवतालच्यांच्या नजरेतून ठरवतो. वरिष्ठ, सहकारी, नातेवाईक काय म्हणतील हेच त्याचे माप असते. दुसऱ्या टप्प्यात तो स्वतःचे माप स्वतः तयार करतो. लोकांचे ऐकतो, परंतु निर्णय आपल्या मूल्यांवर पारखून घेतो. तिसऱ्यात त्याला आपल्या मापाच्याही मर्यादा दिसू लागतात. मात्र ही माणसांची उच्चनीचता नव्हे. पहिल्या टप्प्यावरचा माणूस अत्यंत निष्ठावान आणि प्रेमळ असू शकतो. फक्त काम बदलले, जबाबदारी वाढली, की त्याला जुने माप अपुरे पडते.

बदलाविरुद्धची प्रतिकारशक्ती

केगन आणि त्यांच्या सहकारी लिसा लाहे यांनी २००९ साली ‘इम्युनिटी टू चेंज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच त्यांचा सिद्धान्त आहे. आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढून आपले रक्षण करते. पण रोग्याचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर तीच शक्ती त्या उपकारक अवयवालाही परका समजून नाकारू पाहते. तिचा हेतू वाईट नसतो. मनाचेही असेच आहे. बदल हिताचा असला तरी मनाचा एक भाग त्याला धोका समजतो आणि निष्ठेने राखण करतो.

म्हणजे अडलेल्या माणसाला इच्छाच नसते असे नाही. त्याच्या इच्छा दोन असतात. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक पुढे आणि एक मागे ओढू लागला, तर गाडी जागीच राहते. बघणाऱ्याला वाटते बैलांत दम नाही. प्रत्यक्षात दोघेही घाम गाळीत असतात.

चार रकाने

हा मागे ओढणारा बैल शोधण्यासाठी केगन व लाहे यांनी एक पद्धत दिली आहे. एका कागदावर चार रकाने आखायचे. एक कल्पित उदाहरण घेऊन ते भरून पाहू. पन्नाशीकडे झुकलेले एक लिपिक आहेत. लेजरच्या काळात शाखेतील जाणकार म्हणून त्यांचा मान होता.

पहिला रकाना संकल्पाचा: ‘संगणकावरील सर्व काम मला कोणाच्या मदतीशिवाय करता आले पाहिजे.’

दुसरा रकाना प्रत्यक्ष वागण्याचा. येथे सबबी न सांगता केवळ काय घडते ते लिहायचे: ‘प्रशिक्षणात मागच्या रांगेत बसतो. शंका विचारत नाही. अडले की शेजारच्या मुलाला म्हणतो, तूच करून टाक. कधी स्वतःच्या आयडीवर त्यालाच बसवतो.’ ही शेवटची गोष्ट बँकेत किती घातक आहे हे सांगायला नको. एखादी नोंद चुकली किंवा गैरव्यवहार झाला, तर जबाब ज्याचा आयडी त्यालाच द्यावा लागतो.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या रकान्यातील वागणे उलटे करायचे ठरवले, तर मनात कोणती भीती उठते? ‘मुलाच्या वयाच्या सहकाऱ्यासमोर, हे मला येत नाही, असे म्हणावे लागेल.’ या भीतीतून दुसरा, छुपा संकल्प हाती लागतो: ‘काही झाले तरी आपण जाणकार आहोत ही प्रतिमा मोडू द्यायची नाही.’ आता दुसऱ्या रकान्याकडे पुन्हा पाहावे. तेथील प्रत्येक कृती या छुप्या संकल्पाला तंतोतंत साथ देते. ज्याला आपण आळस म्हणत होतो, तो एक पक्का बंदोबस्त निघाला!

चौथा रकाना या बंदोबस्तामागील गृहीताचा: ‘मला एक गोष्ट येत नाही हे लोकांना कळले, तर वीस वर्षांत मिळवलेला मान एका दिवसात जाईल.’ हाच तो डोळ्यांवरचा चष्मा. लिपिकांनी हे वाक्य कधी तपासलेले नसते, कारण ते त्यांना समजूत वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते.

अशीच मांडणी इतरांनाही करता येईल. बढतीच्या परीक्षेचा फॉर्म दरवेळी भरून अभ्यासाला न बसणाऱ्या भगिनीला आळसाऐवजी ‘बदली झाली तर घर मोडेल’ असे गृहीत सापडेल. वर्गात शंका असूनही हात वर न करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘प्रश्न विचारणारा तो ढ’ हे गृहीत सापडेल.

गृहीताची परीक्षा

गृहीत सापडल्यावर ते एकदम फेकून द्यायचे नसते. त्याची लहान, सुरक्षित परीक्षा घ्यायची असते. आपल्या उदाहरणातील लिपिकांनी विश्वासातला एक सहकारी निवडावा, आणि मुदत ठेवीच्या नूतनीकरणासारखे एकच काम घ्यावे. ‘मला दाखव, पण माउस माझ्या हातात राहू दे’ एवढेच सांगावे. मग काय घडले ते वहीत लिहावे. सहकारी हसला का? दुसऱ्या दिवशी त्याच्या वागण्यात फरक पडला का? कदाचित तो तरुणच एखादी जुनी, किचकट बाब समजून घ्यायला त्यांच्याकडे येईल. मनाला वाटले ते आणि प्रत्यक्षात घडले ते शेजारी शेजारी मांडले, की गृहीताचा कितवा हिस्सा खरा होता ते दिसू लागते. एका परीक्षेने भागत नाही. अशा अनेक परीक्षांनंतर पकड सैल होते.

एक आवश्यक इशारा

येथे आम्हास एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कार्यालयाच्या खुर्चीवर बसणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. ‘मला येत नाही’ हे तीन शब्द आपल्या ओठांवर सहज येत नाहीत, आणि त्याला कारण आहे. एखाद्याची चूक ही त्याच्या एकट्याची न मानता त्याच्या साऱ्या समाजाची मानली जाते, असा अनुभव अनेकांनी घेतला आहे. अशा ठिकाणी कोणाला न विचारता, रात्री जागून, चूक होऊच न देण्याची सवय लागली, तर ती दुर्बलता नव्हती. ती ढाल होती. तिच्याच आडून कित्येकांनी नोकऱ्या टिकवल्या, मुलांना शिकवले.

म्हणून प्रत्येक गृहीत खोटे असते असे मानू नये. परीक्षा घ्यायची ती हे ठरवण्यासाठीच: ही ढाल आजही, या टेबलावर, या माणसासमोर लागते का? लागत नसेल तर ती खाली ठेवावी. हात कामाला मोकळा होतो. आणि जेथे पूर्वग्रह खरोखरच समोर उभा असेल, तेथे उपाय आपल्या मनात शोधू नये. तेथे लेखी तक्रार, संघटना आणि कायदा हेच मार्ग होत. तसेच बदलाला होणारा प्रत्येक विरोध हा मानसिक अडथळा नसतो. अपुरा कर्मचारीवर्ग, सदोष यंत्रणा किंवा नोकरी जाण्याचा धोका असेल, तर विरोध करणाऱ्याचे म्हणणे रास्त असू शकते. यंत्रांच्या प्रश्नावर संघटनांनी वाटाघाटी करून करार केले, ते यासाठीच. वरिष्ठांनी ‘तुझी मानसिकताच वाईट’ असे म्हणून आपली जबाबदारी झटकू नये.

चार रकाने दुसऱ्यासाठी भरायचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. नवऱ्याने बायकोचे, साहेबाने कारकुनाचे, बापाने मुलाचे रकाने भरले, की ते आरोपपत्र होते. ज्याने त्याने आपलेच भरावे.

आजपर्यंत शिक्षणाने आपल्याला कार्यालयाच्या दारातून आत नेले. आत गेल्यावर शिकणे चालू ठेवणे ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती चढण्यासाठी ‘हे मला अजून येत नाही’ असे म्हणता यावे लागते. विद्यार्थी मित्रांनी ही सवय आजच, वर्गातल्या एका प्रश्नापासून लावून घ्यावी. ज्येष्ठ सभासदांनी एखाद्या निवांत संध्याकाळी कागदावर तीन उभ्या रेघा ओढाव्यात आणि वर्षानुवर्षे रखडलेला आपला एक संकल्प पहिल्या रकान्यात लिहावा. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थोडे अडखळेल. तेथे घाई करू नये. खरे उत्तर तेथेच असते.