तैग्रिसचे दगड, कल्याणचा बिशप

चऱ्होलीकरांनो, असिरिया पाहायला इराकचा व्हिसाच लागतो असे नाही. चिंचवडला मुंबईची गाडी धरा. कल्याण, ठाणे आणि शेवटी सीएसएमटी, अशी तैग्रिस नदीच्या मुलुखाशी नाते सांगणारी तीन ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत.

आधी शेवटचे ठिकाण पाहू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले शिलापट आहेत. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याने तिथे राजधानी उभारली. तिच्या वास्तुशांतीला दहा दिवसांत ६९,५७४ पाहुणे जेवले, असे त्याने चक्क दगडावर कोरून ठेवले!

निमरूदच्या दगडांच्या वाटेत मुंबई कशी आली? ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रज संशोधकाने १८४५ मध्ये निमरूद खणायला घेतले. सुएझ कालवा व्हायला अजून २४ वर्षे होती. त्यामुळे लंडनला निघालेले अजस्र दगड फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तैग्रिसमधून बसऱ्याकडे, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून पुढे जात. काही पेट्या मुंबईतच उघडल्या गेल्या आणि त्यातली शिल्पे लंडनच्या आधी मुंबईकरांनी पाहिली!

पण ही जलवाट तेव्हाही नवी नव्हती. त्याच्याही तेराशे वर्षे आधी तिच्यावरून ख्रिस्ती धर्म आला होता. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने 'कल्लियाना' बंदराची नोंद केली. पितळ, शिसवी लाकूड आणि कापड तिथून परदेशी जाई आणि तिथे इराणात दीक्षा घेतलेला एक बिशप होता. अनेक अभ्यासकांच्या मते हे आपले कल्याणच. नाणेघाटातून जुन्नरचा माल उतरायचा तो याच बंदराकडे. हा बिशप ज्या 'पूर्वेच्या चर्च'चा, त्याची उपासना सिरियाक भाषेत चाले. त्याचे आजचे बरेच अनुयायी स्वतःला असिरियनच म्हणवतात.

ठाण्यातही या चर्चचे लोक होते. १३२१ मध्ये तिथे मारले गेलेले युरोपीय फ्रान्सिस्कन साधू अशाच एका ख्रिस्ती घरी उतरले होते. त्यांच्या अस्थी सोबत नेणाऱ्या ओडोरिक या साधूने ठाण्यात अशी पंधरा घरे नोंदवली. आज कल्याण-ठाण्यात त्यांची खूण शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

मुंबईतले दगड मात्र शाबूत आहेत. निमरूदचा तो राजवाडा २०१५ मध्ये आयसिसने सुरुंग लावून उडवला. तेव्हा पुढच्या मुंबई फेरीत या शिलापटांना निदान अर्धा तास द्याच.