यंत्रालाही घड्याळ असतं

परवा माझ्या संगणकाने हातातोंडाशी आलेला डाव घालवला. पटावर त्याच्याकडे एक वजीर जास्त होता, चार-पाच खेळ्यांत मात होणार होती, आणि तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली : वेळ संपली! इंटरनेटवर पलीकडूनही एक प्रोग्रॅमच खेळत होता. पुतण्या हसत म्हणाला, "काका, यंत्राला कसली आली वेळेची अडचण?"

अडचण असते. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आधी एक खेळी पुढचं पाहतो, मग दोन, मग तीन. मधल्या डावात दर वेळी तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात. निरुपयोगी फांद्या छाटल्या तरी पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून महाग पडते. त्याला मध्येच थांबवलं, तर तोवर सापडलेली सर्वांत चांगली खेळी तो देतो. पण कधी थांबायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. एकच खेळी शक्य असेल तर चटकन खेळायचं, बेत फसतोय असं दिसलं तर वेळ सढळ हाताने खर्चायचा. गृहिणी महिन्याचा पगार पुरवते ना, तसंच हे.

कमी वेळ माणसाला जास्त जाचतो. १९९४ साली लंडनमध्ये २५ मिनिटांच्या डावांत 'चेस जीनियस'ने कास्पारोव्हला हरवलं. प्रदीर्घ डावांचा सामना जिंकायला मात्र यंत्राला, म्हणजे 'डीप ब्लू'ला, १९९७ साल उजाडावं लागलं.

दोन यंत्रांच्या लढतीतही घड्याळाचा नियम महत्त्वाचा ठरतो. २०१७ च्या डिसेंबरात 'अल्फाझीरो'ने 'स्टॉकफिश'वर शंभर डावांत २८ विजय मिळवल्याचं जाहीर झालं. बाकीचे ७२ बरोबरीत. पण दर खेळीला ठरावीक एक मिनिट होतं. वेळ कुठे वाचवायचा, कुठे उधळायचा, हे स्टॉकफिशचं मेहनतीने घडवलेलं कसब त्यात वायाच गेलं. आक्षेप आले, आणि मला ते रास्त वाटतात. २०१८ साली छापून आलेल्या मुख्य सामन्यात प्रत्येकाला तीन तास आणि दर खेळीला १५ सेकंद जादा होते. हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले. जिंकला तोच, पण हा निकाल पटण्यासारखा होता.

आता माझा डाव. तो एक मिनिटाचा होता, जादा सेकंद नव्हते. खेळी इंटरनेटवरून जाऊन घड्याळ थांबेपर्यंत समजा सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला, तर साठ खेळ्यांत बारा सेकंद नुसत्या वाटेत संपतात! काही संकेतस्थळं याची थोडीफार भरपाई देतात, सगळी नाही. माझ्या प्रोग्रॅमला वाटेचा हा खर्च ठाऊकच नव्हता. बॉबी फिशरने पुरस्कारलेलं, दर खेळीला काही सेकंद वाढवून देणारं घड्याळ अशा वेळी तारून नेतं.

प्रोग्रॅममध्ये वाटखर्चासाठी वेळ राखून ठेवायची सोय होती. मीच ती पाहिली नव्हती. आकडा वाढवला. त्या रात्री तो एकदाही वेळेवर हरला नाही. एक डाव मात्र घाईत, चुकीची खेळी करून हरला.