पाखंड कोण ठरवतो?

चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा या तीन जिल्ह्यांत कार्य करणारा सिरो-मलबार कॅथलिक चर्चचा धर्मप्रांत आजही 'चांदा' या जुन्या नावानेच ओळखला जातो. १९६२ साली रोमने हे क्षेत्र केरळच्या या चर्चकडे सोपविले. केरळबाहेर त्याला मिळालेले हे पहिलेच कार्यक्षेत्र होय. या चर्चला आज रोमची पूर्ण मान्यता आहे. परंतु सव्वाचारशे वर्षांपूर्वी त्याच्याच पूर्वजांचे धर्मग्रंथ पाखंडी ठरवून जाळण्याचा आदेश निघाला होता, आणि तो गोव्याच्या आर्चबिशपच्या पुढाकाराने निघाला होता. कालचे पाखंडी आज अधिकृत कसे झाले, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासकांचा नाही. पाखंडी हे दूषण आपल्याही वाट्याला आलेले असल्यामुळे बौद्ध वाचकांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

दोन शब्दांचा प्रवास

'हैरेसिस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'निवड' असा आहे. त्यावरून विचारसंप्रदायालाही तो शब्द लावला जाई. त्यात निंदा नव्हती. ख्रिस्ती धर्मसंस्था बळकट होत गेली तसा त्याचा अर्थ 'चुकीचे व दंडनीय मत' असा झाला. उलट, 'योग्य मत' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून अधिकृत मताचे नाव रूढ झाले.

आपल्याकडेही हेच घडले. सम्राट अशोकांच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मसंप्रदाय. सर्व पासंडांचा आदर करावा, स्वतःच्या पासंडाची अवाजवी स्तुती करू नये, असे ते सांगतात. पुढे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाषंडींचा वाणीनेही सत्कार करू नये, अशी आज्ञा आली. पुराणांनी हा शब्द श्रमणांवर, विशेषतः बौद्धांवर फेकला. शब्द तोच राहिला. तो उच्चारणाऱ्याच्या हाती सत्ता आली तेव्हा त्याची शिवी झाली.

सभा आणि राजदंड

ख्रिस्ती मतांची अधिकृत चौकट ठरविणारी पहिली मोठी सभा इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरली. ती सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलाविली होती. ख्रिस्त हा ईश्वराने निर्माण केलेला आहे, हे एरियसचे मत तेथे निषिद्ध ठरले. ३८० साली सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने अधिकृत मताला राज्याचा आधार दिला. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन या बिशपला सम्राट मॅक्सिमसच्या आज्ञेने ठार मारण्यात आले. काही ख्रिस्ती बिशपांनीच या वधाचा निषेध केला, हेही नमूद केले पाहिजे.

४३१ साली इफिसस येथील सभेने नेस्टोरियसला दोषी ठरविले. मरियेला 'देवमाता' न म्हणता 'ख्रिस्तमाता' म्हणावे, असे त्याचे म्हणणे होते. ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मानवत्व यांचा संबंध कसा समजावा, हा वादाचा गाभा. रोमन साम्राज्याबाहेर, इराण-मेसोपोटेमियाच्या भूमीवर वाढलेल्या पूर्वेकडील चर्चने हा निवाडा स्वीकारला नाही. केरळच्या थॉमस ख्रिस्ती समाजाला शतकानुशतके बिशप मिळत ते याच चर्चकडून.

उदयंपेरूरची सभा

१५६० साली पोर्तुगीजांनी गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापिले. मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. गोव्याचे आर्चबिशप अलेइशो द मेनेझिस यांनी जून १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे सभा भरविली. तिने थॉमस ख्रिस्ती समाजाच्या परंपरेत नेस्टोरियसचे दोष शोधले आणि सिरियाक भाषेतील अनेक ग्रंथ दुरुस्त करण्यास वा जाळण्यास सांगितले. असंतोष धुमसत राहिला. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरी येथे लोकांनी जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. त्यानंतर समाज दुभंगला. जी शाखा रोमशी जोडलेली राहिली, तीच आजचे सिरो-मलबार चर्च.

कथेचा शेवट विलक्षण आहे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ख्रिस्ताविषयी दोघांची श्रद्धा एकच आहे आणि मरियेसाठी वापरलेली दोन्ही संबोधने योग्य आहेत, असे त्यात मान्य करण्यात आले. म्हणजे पंधराशे वर्षांचा भेद बव्हंशी शब्दांचा होता. जळालेले ग्रंथ मात्र परत आले नाहीत.

कशाला पाखंड म्हटले नाही?

धर्मसंस्था कशावर खटला भरते, यावरून तिची पारख होते. कशावर भरत नाही, यावरून अधिक होते. १६०६ साली मदुराईत आलेल्या रॉबर्टो द नोबिली या जेझुइटाने ब्राह्मण संन्याशासारखा वेष व आचार स्वीकारला. धर्मांतरितांनी जानवे आणि शेंडी ठेवणे ही अंधश्रद्धा की सामाजिक चिन्ह, यावर गोव्यापासून रोमपर्यंत वाद झाला. १६२३ साली पोपने अटींसह परवानगी दिली. पुढे कनिष्ठ मानलेल्या जातींसाठी वेगळे धर्मोपदेशक नेमले गेले. १७४४ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी अस्पृश्य रुग्णांच्या घरी जाऊन संस्कार करण्याचे बंधन घातले, हे खरे. पण चर्चमधील जातिभेद त्याने संपला नाही. धर्मांतरितांची जात धर्मांतरानंतरही कशी टिकते, याचे विवेचन बाबासाहेबांनी आपल्या लेखनात केले आहे. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी एक शब्द चुकला तर बहिष्कार. माणसाला दूर बसविले तर तडजोड! हा क्रमच आमच्या मते खरा दोष आहे.

आपला धडा

धम्मात मिच्छा दिट्ठी आहे, म्हणून सर्व मते सारखीच असे आपण मानीत नाही. पण केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेली कसोटी अनुभवाची आणि हिताची आहे. परंपरेच्या वा ग्रंथाच्या अधिकाराची नाही. अशोकांच्या सारनाथ, सांची व कौशांबी येथील लेखांत संघभेद करणाऱ्यास श्वेत वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवण्यास सांगितले आहे. आपला इतिहासही निष्कलंक नाही. राजाच्या अमात्याने उपोसथ न करणाऱ्या भिक्खूंची शिरे उडविल्याची कथा महावंसात आहे. परंतु तेथे ते पुण्य म्हणून सांगितलेले नाही. त्या वार्तेने राजा व्याकूळ झाला, असे सांगितले आहे.

स्वतः बाबासाहेबही या दूषणातून सुटले नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाला १९५९ साली 'महाबोधी' नियतकालिकातील परीक्षणाने परंपरेशी विसंगत ठरविले. ज्यांचा धम्मग्रंथच असा दोषी ठरविला गेला, त्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा. आज विपश्यना, पुनर्जन्म, विधी यांवरील मतभेदात आपलेच उपासक एकमेकांना 'धम्मद्रोही' म्हणतात, तेव्हा उदयंपेरूरची ठिणगी आपल्या विहारातही पडते.

बावीस प्रतिज्ञा म्हणजे आपलेही मतपत्रक नव्हे काय, असे कोणी विचारील. त्यांत काय मानणार नाही हेही सांगितले आहे, हे खरे. पण प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, स्वतःला बांधण्यासाठी. दुसऱ्याला शिक्षा देण्यासाठी नव्हे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या भूमीवर आपल्या वाडवडिलांनी दीक्षा घेतली, ती अशी स्वेच्छेची निवड होती. ग्रीकांच्या जुन्या अर्थाने तीही 'हैरेसिस'च. निवडीचा हा हक्क आपल्या विहारात बसलेल्या, वेगळे बोलणाऱ्या उपासकालाही आहे. त्याच्या मताची चिकित्सा जरूर करावी. परंतु आपली कठोरता राखून ठेवावी ती माणसाला दूर बसविणाऱ्या आचारासाठी.