बाळाचे नाव : रोमन की मराठी?

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. शिरूर व दौंड परिसरातील कुटुंबांकडून मुलग्यांसाठी मार्टिन, ज्युलियस, फेलिक्स, व्हिक्टर, लिओ अशी नावे आम्हांस ऐकावयास मिळतात. ही सारी नावे मूळची रोमन, म्हणजे लॅटिन भाषेतील आहेत. 'कानाला गोड वाटले' असे तरुण पालक सांगतात. 'ख्रिस्ती माणसाचे नाव असेच असावे' असे वडीलधारी मंडळी म्हणतात. या दोन्ही उत्तरांचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

रोमन नाव जन्मतःच ख्रिस्ती नसते. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवावरून आले आहे. इ. स. ५३३ मध्ये पोपपदी निवडल्या गेलेल्या धर्मगुरूंचे नाव मर्क्युरियस होते. ते एका रोमन देवाचे नाव असल्याने त्यांनी ते बदलून योहान हे नाव घेतले. मार्टिन हे नाव मात्र टिकले. कारण थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारे टूरचे संत मार्टिन त्या नावाने जगले. नावाला पावित्र्य येते ते धारण करणाऱ्याच्या जीवनामुळे.

मग मराठी नाव चालेल काय? अवश्य चालेल. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ८५५ एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव दिले जाणार नाही याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. संताचेच किंवा परदेशीच नाव हवे अशी अट त्यात नाही. २०२२ साली संतपदी विराजमान झालेले भारतीय प्रापंचिक संत देवसहायम यांनी १७४५ साली स्नानसंस्कार स्वीकारताना लाजरस या नावाचे देशी रूप धारण केले होते. 'देव माझे साहाय्य' हाच त्याचा अर्थ.

प्रेषितांची कृत्ये (१३:९) सांगते की शौलाला पौल असेही नाव होते. एक यहुदी, दुसरे रोमन. आपल्याकडेही चर्चच्या नोंदवहीत एक आणि शाळेत दुसरे नाव असते. त्यात गैर काही नाही. परंतु विवाहाच्या वेळी स्नानसंस्काराचा दाखला व इतर कागदपत्रे जुळेनाशी होतात आणि ऐनवेळी धावपळ होते. म्हणून जन्मदाखल्यावरील नाव धर्मगुरूंना दाखवावे आणि दोन्ही नावे असल्यास दोन्हींची नोंद करून घ्यावी.

पालकहो, नाव रोमन ठेवा वा मराठी ठेवा, त्याचा अर्थ आधी जाणून घ्या. संताचे नाव असेल तर त्या संताची कथा मुलाला सांगा व सणाच्या दिवशी त्याला पवित्र मिस्साला न्या. ११ नोव्हेंबरला आपल्या घरच्या छोट्या मार्टिनने स्वतःचा खाऊ कुणाशी वाटून घेतला, तर त्याचे नाव सार्थ झाले असे आम्ही समजू.