वाऱ्याला भिऊन पानं टाकणारी काटेसावर

हिवाळ्यात काटेसावर साफ निष्पर्ण होते. महाभारताच्या शांतिपर्वात याची झकास गोष्ट आहे. शाल्मली, म्हणजे हेच झाड, नारदापुढे फुशारकी मारतं, की वारा माझं काय वाकडं करणार? ते वाऱ्याच्या कानावर जातं. मग तो यायच्या आत शाल्मली घाबरून आपणच फांद्या, पानं, फुलं टाकून मोकळी! खरं कारण एवढं नाट्यमय नाही. कोरड्या दिवसांत पाणी वाचवायचं, एवढंच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र झाडाखाली थांबाच. तळहाताएवढं लाल फूल, पाच जाड मांसल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचे झुबके आणि तळाशी पातळ मध. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे यांची नुसती झुंबड. परतीच्या प्रवासाआधी भोरड्याही हजेरी लावून जातात. फुलात डोकं खुपसलेला कावळा बाहेर येतो तो कपाळाला पराग फासूनच. रात्रपाळी वटवाघळांची. या फुलाच्या पाकळ्या एकेक करून गळत नाहीत, सगळा ऐवज एकदम धप्पकन खाली. जंगलात तो खायला चितळं टपलेलीच असतात.

उन्हाळ्यात बोंडं उकलतात आणि कापूस उडू लागतो. शेतातल्या कापसाचे तंतू सरकीवर उगवतात, म्हणून जिनिंग लागतं. सावरीचे उगवतात बोंडाच्या आतल्या भिंतीवर, त्यामुळे बी झटकली की सुटली. पण तंतू आखूड नि गुळगुळीत, सूत काही धरत नाही. म्हणून उशा भरायच्या.

काटे? ते कोवळ्या झाडाला जास्त. वय वाढलं की बुंध्यावरचे काटे झडत जातात. (माणसांचं बहुधा उलटं.) लाकूड हलकं आणि मऊ, काड्यापेटीतल्या काड्यांना चालणारं. उदयपूरकडे होळीत सावरच उभी करतात, त्यापायी पुष्कळ झाडं तुटतात, ही मात्र गमतीची बाब नाही.

चीनमधल्या ग्वांगचौ शहराने हेच फूल नगरपुष्प म्हणून मिरवलंय. आणि शेजारच्या कर्नाटकात बिसी बेळे भाताच्या मसाल्यात सावरीच्या वाळवलेल्या कळ्या पडतात. तिथे त्यांना म्हणतात ‘मराठी मोग्गू’. आपल्या किती मराठी डब्यांत तो मसाला सापडेल, बघा बरं!